वाळणारा थेंब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



मी थेंबावर बोलणार असे कळल्यावर कित्येकींनी मला आधीच विचारले, "काय हो, बचतीवर बोलणार वाटते?" 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपल्या सगळ्यांच्या तोंडी असल्यामुळे तसे वाटणे साहजिक आहे. पण मी साचणाऱ्या थेंबावर बोलणार नाही, वाळणाऱ्या थेंबावर बोलणार आहे. थेंब वाळतो म्हणजे काय होते, तो कसा वाळतो, आणि वाळताना मागे काय ठेवतो, एवढाच माझा विषय आहे.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखे ते काय? वाळवण हा तर आपला बायकांचा पिढीजात प्रांत. पापड, कुरडया, सांडगे, धुणे, सगळे आपल्याच हातचे. खरे आहे. परंतु जी गोष्ट आपण रोज पाहतो तीच आपण सर्वांत कमी पाहतो. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आज जे सांगणार आहे ते थोडे वाचून, थोडे जाणत्यांना विचारून आणि उरलेले स्वयंपाकघराच्या ओट्यावर करून पाहून जमवलेले आहे. जमवता जमवता असे लक्षात आले, की या एवढ्याशा थेंबावर मोठमोठ्या विद्यापीठांतून वर्षानुवर्षे अभ्यास चालला आहे, आणि त्याचा संबंध सरळ आपल्या घरातल्या माणसांच्या जिवाशी येऊन पोचतो. तो संबंध मी शेवटी सांगेन. तोवर कंटाळा न करता ऐकावे, ही विनंती.

प्रथम चहाचा थेंब घेऊ. ओट्यावर चहाचा थेंब सांडला आणि तसाच वाळला, तर त्याचा डाग कसा दिसतो ते आठवा. मधला भाग फिका आणि कडेला गडद रेघ, जणू कोणी पेन्सिलीने गोल काढला आहे. चहा तर सगळीकडे सारखाच होता; मग रंग सगळा कडेला का गेला? हा प्रश्न पडायला काही प्रयोगशाळा लागत नाही. तरी त्याचे नीट उत्तर १९९७ साली मिळाले. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीच्या डागावर अभ्यास करून ते 'नेचर' या नामांकित शास्त्रीय नियतकालिकात छापले.

उत्तर असे. थेंबाची कड फरशीला घट्ट चिकटून बसलेली असते, ती सहसा मागे सरत नाही. आणि थेंबातले पाणी सगळीकडून सारखे उडत नाही, कडेकडून जास्त उडते. मांडवात मधोमध बसलेल्या बाईला बाहेर पडायला वेळ लागतो, कडेची मात्र चटकन निघून जाते, तसेच हे. आता कडेचे पाणी उडाले, पण कड तर जागची हलत नाही. मग ती उणीव भरून काढायला मधले पाणी हळूहळू कडेकडे वाहू लागते. वाहताना ते चहाचे बारीक कण बरोबर नेते. पाणी उडून जाते, कण तिथेच राहतात. अशी ती गडद रेघ तयार होते. म्हणजे स्वस्थ पडलेला दिसतो तो थेंब आतून सारखा वाहत असतो.

याचा आपल्याला एक लहानसा उपयोग सांगून ठेवते. बोअरवेलच्या पाण्याने धुतलेल्या स्टीलच्या ताटांवर पांढरे गोल उमटतात ना, तेही असेच. पाण्यातले क्षार कडेला येऊन बसतात. ताटे आपोआप वाळू देण्यापेक्षा ओली असतानाच कोरड्या फडक्याने पुसली, तर थेंबाला आपले चित्र काढायला सवडच मिळत नाही.

आता दुसरी गोष्ट. मी येताना एक थाळी, पाणी, मिरपूड आणि भांडी घासायचा साबण आणला आहे. पुढच्या रांगेतील भगिनींना दिसेल. पाण्यावर मिरपूड भुरभुरली. ती तरंगते आहे. आता बोटाला साबण लावून मधोमध नुसते टेकवते. पाहा, सगळी मिरपूड झटकन कडेला पळाली! मुलांनी हा खेळ शाळेत केला असेल. मिरपूड साबणाला भ्याली असे कोणी म्हणेल, पण तसे नाही. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या कापडासारखा असतो, त्याला पृष्ठताण म्हणतात. चौघींनी चार बाजूंनी चादर ताणून धरली आहे आणि एकीने हात सैल सोडला, तर चादर कुठे जाईल? जिथे ताण जास्त तिकडे. साबणाने मधला ताण सैल केला, कडेचे पाणी तसेच ओढत राहिले, म्हणून पृष्ठभाग मिरपुडीसकट कडेला गेला. जिथे ताण कमी तिथून, जिथे ताण जास्त तिकडे द्रव ओढला जातो, एवढे एक सूत्र ध्यानात ठेवा. पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

आतापर्यंत पाण्याच्या ताणात साबणाने फरक केला. पण थेंब जर मिश्रणाचा असेल, म्हणजे दोन-तीन द्रव एकत्र मिसळलेले असतील, तर असा फरक तो वाळता वाळता आपला आपणच निर्माण करतो. कारण मिश्रणातले सगळे द्रव सारख्या वेगाने उडत नाहीत. अत्तराच्या बाटलीचे घ्या ना. स्पिरिटात केलेले सुगंधी पाणी अंगावर उडवले, की पहिल्या क्षणी एक वास येतो, अर्ध्या तासाने दुसरा आणि संध्याकाळी साडीच्या घडीत तिसराच. जे हलके ते आधी गेले, जड ते मागे राहिले.

स्पिरिट म्हणजे अल्कोहोल. ते ७८ अंशांवर उकळते, पाणी १०० वर. म्हणून उघड्यावर ठेवले तर अल्कोहोल आधी उडते. आणि ताण पाहिला तर पाण्याचा ७२ असेल तेव्हा अल्कोहोलचा त्याच मापाने २२, म्हणजे तिसरा हिस्साही नाही. आता या दोन्ही गोष्टी एकत्र करून पाहा. मिश्रणाच्या थेंबातून जिथे अल्कोहोल लवकर उडाले तिथे पाणी अधिक उरले. जिथे पाणी अधिक तिथे ताण अधिक. आणि जिथे ताण अधिक तिकडे बाकीचा द्रव धावला. मिरपुडीला पळवायला आपल्याला बोट लावावे लागले, या थेंबाला बोटाचीही गरज नाही.

याचे सर्वांत जुने उदाहरण द्राक्षाच्या मद्याचे आहे. महिला मंडळाच्या व्यासपीठावरून मद्याचे नाव घेतल्याबद्दल अध्यक्षीणबाईंनी रागावू नये, मी केवळ शास्त्रापुरते बोलते आहे. तिकडच्या देशांत लोकांनी फार पूर्वीपासून पाहिले होते, की पेला हलवून ठेवला तर त्याच्या आतल्या बाजूने थेंब वर चढून जमतात आणि ओघळतात. त्याला ते मद्याचे अश्रू म्हणतात. काचेवर पसरलेल्या पातळ थरातून अल्कोहोल लवकर उडते, तो थर पाणीदार होतो, त्याचा ताण वाढतो आणि तो खालच्या मद्याला वर ओढून घेतो. वर जमलेले जड झाले की ओघळते. हे कारण १८५५ साली जेम्स थॉमसन यांनी सांगितले. लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध असलेल्या शास्त्रज्ञांचे हे थोरले बंधू. पुढे १८६५ साली इटलीतील पाव्हिया येथे कार्लो मारांगोनी यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला, आणि आज या ओढीला त्यांच्याच नावाने ओळखतात.

मिश्रणाच्या थेंबांची याहूनही मौजेची गोष्ट २०१५ साली प्रसिद्ध झाली. नेट सिरा नावाच्या एका विद्यार्थ्याने खाण्याच्या रंगाचे थेंब काचेवर टाकले, तर ते आपोआप हलू लागले. एक थेंब दुसऱ्याकडे जाई, कधी एक पुढे पळे आणि दुसरा त्याचा पाठलाग करी. लहान मुलांच्या लपाछपीसारखेच. त्या रंगात पाणी होते आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाचा एक सावकाश उडणारा, कमी ताणाचा द्रव होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश यांच्याबरोबर त्यांनी याचा छडा लावला. हे मनू प्रकाश आपल्याकडचेच, मीरतेत जन्मलेले, कानपूरच्या आयआयटीत शिकलेले, घडीच्या कागदाचा स्वस्त सूक्ष्मदर्शक करणारे. त्यांना आढळले ते असे. प्रत्येक थेंबातून पाण्याची वाफ उडत असते. दोन थेंब जवळ असले की त्यांच्यामधली हवा दमट होते, म्हणून समोरासमोरच्या बाजूंनी पाणी कमी उडते. त्या बाजूला पाणी जास्त उरले, ताण जास्त राहिला, म्हणून थेंब त्या बाजूला ओढला गेला. काही सेंटीमीटरांवरूनही एका थेंबाला दुसऱ्याची चाहूल लागते. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत. शेजारच्या वाफेवरून तो वळतो.

आणखी एक उदाहरण देते, म्हणजे मिश्रणाचा थेंब किती रूपे घेतो ते कळेल. डेटॉल पाण्यात टाकले की पाणी दुधासारखे पांढरे होते, हे आपण सर्वजणी जाणतो. बाटलीत स्वच्छ पिवळसर दिसणाऱ्या द्रवात तेले विरघळलेली असतात. पाणी वाढले की त्यांना विरघळून राहता येत नाही, ती बारीक कणांनी बाहेर पडतात आणि पांढरेपणा येतो. ग्रीस देशात बडीशेपेसारख्या वासाचे एक पेय असते, त्याचेही असेच होते. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातील डेटलेफ लोहसे यांच्या मंडळींनी २०१६ साली त्या पेयाचा एकच थेंब घेऊन तो वाळताना पाहिला. त्यात वरून पाणी घातलेच नाही. आधी थेंब स्वच्छ होता. मग कडेचे अल्कोहोल उडाले आणि कड पांढरी झाली. मग सारा थेंब पांढरा झाला. अल्कोहोल संपल्यावर तेलाचे कण एकमेकांत मिसळून कडेला तेलाचे वलय झाले, थेंब पुन्हा स्वच्छ दिसू लागला. शेवटी पाणीही गेले आणि नुसते तेल उरले. एका थेंबाच्या आयुष्यात चार अवस्था!

भगिनींनो, एवढ्या सगळ्यातून मला एक साधी गोष्ट तुमच्या मनावर ठसवायची आहे. शुद्ध पाण्याचा थेंब वाळला तर मागे काहीच ठेवत नाही. मिश्रणाचा थेंब वाळला तर काही ना काही मागे ठेवून जातो. आता मी ज्या थेंबासाठी आज उभी राहिले त्याच्याकडे येते. तो म्हणजे आपल्या तोंडातून उडणारा थेंब.

आपण खोकतो, शिंकतो, भजन म्हणतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा तोंडातून बारीक बारीक तुषार उडतात. ते काही शुद्ध पाणी नसते. बहुतेक पाणी खरे, पण त्यात मीठ असते, चिकट प्रथिने असतात, आणि माणूस आजारी असेल तर रोगाचे जंतूही असतात. म्हणजे हा मिश्रणाचाच थेंब. तो हवेत उडाल्याबरोबर वाळू लागतो.

आता तो खाली आधी पडतो की आधी वाळतो? ही शर्यत आहे, आणि १९३४ साली अमेरिकेतील विल्यम वेल्स यांनी तिचा हिशेब मांडला. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १०० मायक्रॉनचा थेंब दीड मीटर उंचीवरून पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाला तेवढेच अंतर यायला आठ मिनिटांच्या आसपास लागतात. आणि एक मायक्रॉनचा कण स्तब्ध हवेत सुमारे बारा तास तरंगू शकतो. म्हणजे थेंब दहापट लहान झाला, की पडायला शंभरपट वेळ लावतो. आणि वाळायला? तिथे उलटा हिशेब. दहापट लहान थेंब साधारण शंभरपट लवकर वाळतो. मोठा थेंब वाळण्याआधीच जमिनीवर पडतो. लहान थेंब डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वाळून आणखी लहान होतो, आणि मग पडतच नाही, खोलीभर हिंडत राहतो.

तो पूर्ण वाळूनही जात नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, ते आपण पाहतो. हवेतील दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ पाझरू लागते. थेंबातले मीठही तसेच पाणी धरून ठेवते. आणि प्रथिने, दुधावर साय यावी तशी, कडेला घट्ट होतात. त्या आवरणात जंतू राहतो. वेल्स यांनी या उरलेल्या कणाला थेंबाचा गाभा म्हटले. पाणी उडून गेले, गाभा राहिला.

या वेल्सांच्या पत्नी मिल्ड्रेड वेल्स या स्वतः डॉक्टर होत्या, आणि या कामात त्यांचा वाटा बरोबरीचा होता, हे आपल्या सभेत आवर्जून सांगायला हवे. दोघांनी मिळून फिलाडेल्फियाच्या शाळांतून वर्गांच्या वरच्या भागात अतिनील किरणांचे दिवे लावले, आणि १९४१ च्या गोवराच्या साथीत दिवे असलेल्या वर्गांत लागण पुष्कळ कमी झाली. पुढे बॉल्टिमोरच्या रुग्णालयात वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी १९५६ पासून काही वर्षे एक मोठा प्रयोग केला. क्षयरोग्यांच्या खोल्यांतली हवा नळीने वरच्या मजल्यावर ठेवलेल्या गिनीपिगांना पुरवली. त्या जनावरांनी रोग्याच्या ताटात खाल्ले नव्हते, त्याच्या पांघरुणाला शिवली नव्हती. त्यांना मिळाली ती फक्त हवा. तरी त्यांतल्या कित्येकांना क्षय झाला. ज्यांची हवा अतिनील किरणांखालून नेली होती त्यांना झाला नाही. क्षय हवेतून पसरतो, हे त्या प्रयोगाने सिद्ध झाले.

इतके होऊनही २०२० साली कोविड आला तेव्हा जगभर गोंधळ झाला. आम्ही भाजी धुतली, दुधाच्या पिशव्या पुसल्या, कड्या-कोयंडे पुसले. खिडक्या मात्र कित्येक घरांत थंडी-वाऱ्याच्या भीतीने बंदच होत्या. त्या काळात आपल्या पवईच्या आयआयटीतील रजनीश भारद्वाज आणि अमित अग्रवाल या प्राध्यापकांनी खोकल्याच्या थेंबांवर अभ्यास केला. पृष्ठभागावर पडलेला थेंब किती वेळात वाळतो आणि दमट हवेत तो अधिक वेळ का टिकतो, ते त्यांनी गणिताने मांडले. त्यांनीच असेही दाखवले, की तोंडावर काही नसेल तर खोकल्याचा ढग साध्या वैद्यकीय मुखपट्टीच्या मानाने सुमारे सातपट मोठा होतो. पुढे एप्रिल २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञांशी विचारविनिमय करून नवी परिभाषा मांडली. अमुक मायक्रॉनच्या वरचा तो थेंब आणि खालचा तो हवेतला कण, अशी जी रेघ पूर्वी आखली जाई, ती सोडून देऊन सगळ्यांना एकाच मालिकेतले कण मानले. ज्यांनी थेंब वाळताना पाहिला आहे त्यांना हे पटायला अवघड नाही. आताचा मोठा थेंब हाच थोड्या वेळाने लहान कण असतो.

आता घराकडे येते. कोविडची मोठी लाट ओसरली. क्षय ओसरलेला नाही. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या आपल्या देशात आहे. तेव्हा आपल्या गल्लीत तो नाही असे कोणी समजू नये.

आमच्या परिचयातील एक घर आहे, नाव-गाव सांगत नाही. त्या घरच्या सुनेला क्षय झाला. सासूबाई दुष्ट नव्हत्या, घाबरल्या होत्या. त्यांनी तिचे ताट, वाटी, पेला वेगळा केला. तिला आतली अंधारी खोली दिली. पोराला तिच्याजवळ जाऊ देईनात. आणि त्या खोलीची एकुलती एक खिडकी, शेजाऱ्यांना खोकला ऐकू जाऊ नये म्हणून, बंद ठेवली. ती मुलगी औषध घेऊन खडखडीत बरी झाली, त्याला आता कित्येक वर्षे झाली. पण अजूनही ती कोणाकडे गेली की पाणी मागत नाही. कोणी पुढे केले तर म्हणते, "नको, तहान नाही."

भगिनींनो, त्या घराने ताट वेगळे केले आणि खिडकी बंद ठेवली. थेंबाचे शास्त्र याच्या नेमके उलटे सांगते. क्षयाचा जंतू फुप्फुसाच्या अगदी खोल कप्प्यापर्यंत पोचला तरच रोग धरतो, आणि तिथपर्यंत हवेत तरंगणारा तो बारीक वाळलेला कणच पोचू शकतो. ताटावर, पेल्यावर, चादरीवर पडलेल्या थेंबातून क्षय होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही, हात हातात घेतल्याने होत नाही. तो होतो कोंडलेल्या हवेतून. म्हणून ताट एकत्र असले तरी चालेल, खिडकी उघडी हवी.

खिडकीची ताकद किती, तेही सांगते. पेरू देशातील लिमा शहरात रुग्णालयांच्या खोल्या मोजून पाहिल्या, ते काम २००७ साली प्रसिद्ध झाले. खिडक्या-दारे उघडी ठेवली तर खोलीतली हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवलेल्या खास खोल्यांत ती १२ वेळा बदले. आणि त्यांतही १९५० च्या आधी बांधलेल्या, उंच छतांच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती सर्वांत सरस ठरल्या. आपल्या आज्यांची माडी अशीच होती. भिंतीवर लावलेले साधे वातानुकूलन यंत्र मात्र खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडते, बाहेरची हवा आत आणत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरी गोष्ट मुखपट्टीची. ती आधी कोणी लावावी? खोकणाऱ्याने. कारण थेंब तोंडातून निघतो तेव्हा मोठा आणि ओला असतो, कापडात सहज अडकतो. एकदा वाळून बारीक झाला, की समोरच्याच्या पातळ कापडाला तो दाद देत नाही. म्हणजे जिथे अडवणे सोपे, तिथेच अडवावे. मुखपट्टी नसली तर रुमाल, पदर काहीही चालेल, पण खोकताना तोंडावर हवे. यात रोग्याचा अपमान नाही. ज्याला आपल्या माणसांची काळजी आहे त्याने करायची ती गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट औषधाची. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणे, असे काही दिसले तर काढ्यावर दिवस काढू नयेत. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही विनामूल्य आहेत. नेहमीच्या क्षयाचे औषध साधारण सहा महिने घ्यावे लागते, आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडायचे नसते. औषध लागू पडले की काही आठवड्यांतच लागण देण्याची शक्ती पुष्कळ कमी होते. रोग्याच्या सकस आहारासाठी सरकार दरमहा पैसे देते; २०१८ साली ती रक्कम ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये झाली. हे पैसे ज्या बाईच्या नावाने येतात त्या बाईच्या ताटात अंडे, डाळ, दूध पडते की नाही, हे पाहणे शेजारणींचे काम आहे. घरातल्या बाईला सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी वाढायची आपली रीत तिच्या आजारपणात तरी मोडली पाहिजे.

आता मंडळापुढे मी तीन सूचना ठेवते. पहिली, या सभागृहाच्या मागच्या दोन खिडक्यांवर आपण मंडळाचा मोठा फलक टांगला आहे. फलक सुंदर आहे, पण तो समोरच्या भिंतीवर न्यावा आणि खिडक्या उघडाव्यात. आपण पन्नास-साठ जणी दर आठवड्याला इथे तास-दीड तास भजन म्हणतो, आणि उंच स्वरात तोंडातून तुषार अधिक उडतात. दुसरी, वस्तीतल्या कोणत्याही घरी क्षयाचे औषध सुरू झाल्याचे कळले, तर आपल्यापैकी दोघींनी त्या घरी जावे. हळदीकुंकवाला जातो तसे जावे, दारातून परत फिरू नये. खिडकी उघडी करून तिच्याजवळ बसावे. तिसरी, त्या घरी गेल्यावर चहा दिला तर घ्यावा.

ही तिसरी सूचना सर्वांत सोपी वाटेल, पण करताना हात थांबेल. त्या वेळी गिनीपिगांची गोष्ट आठवावी. त्यांनी रोग्याच्या पेल्यात काही प्यायले नव्हते. पेल्याचे भय व्यर्थ आहे. एखाद्या आजारी बाईने आपल्यापुढे कप ठेवला आणि आपण तो घेतला, तर तिला औषधाइतकाच धीर येतो. चहा पिऊन झाला आणि एखादा थेंब बशीत राहिला, तर वाळल्यावर त्याची कड कशी गडद होते तेही तिला दाखवावे. तेवढाच तिचा विरंगुळा.